हद्दीबाहेरचे कोल्हापूरकर

कोल्हापूर कुठं सुरू होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. अंबाबाईच्या देवळापासून. ते कुठं संपतं, यावर मात्र गेली पन्नासेक वर्षं मोर्चे निघताहेत. 1972 साली इथल्या नगरपालिकेची महापालिका झाली. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. हद्द होती तीच राहिली. 66.82 चौरस किलोमीटर. दशांशचिन्हापुढच्या आकड्यालाही हात लावायची कुणाची टाप झाली नाही. दरम्यान कोल्हापुरात माणसं वाढली, गाड्या वाढल्या, मिसळीचे दर वाढले, एकाच वाढदिवसाच्या फलकावर शुभेच्छा देणाऱ्यांची डोकी वाढली. हद्द तेवढी वाढली नाही. हा लेख छापून येईतो वाढलीच, तर संपादकांनी एवढा परिच्छेद काढून टाकावा. संपादक कोल्हापूरचेच आहेत. ते निवांत आहेत.

आम्ही त्या हद्दीच्या पलीकडं राहतो. पलीकडं म्हणजे दगड भिरकावला तर शहरात पडेल, एवढंच. गारगोटीच्या रस्त्यानं कळंबा तलावाकडं निघालं की एका ठिकाणी डांबराचा रंग बदलतो, खांबावरच्या दिव्यांची तऱ्हा बदलते आणि गाडीतल्या माणसांच्या बोलण्यात आपोआप खंड पडतो, कारण तिथं खड्डा आहे. तिथून पुढं आम्ही. गावाचं नाव सांगत नाही. आमची कॉलनी दोन ग्रामपंचायतींच्या बरोबर शिवेवर बसली आहे, आणि नाव घेतलं की दोन्हीकडची माणसं सांगतात, "आमची न्हवं ती. पलीकडच्यास्नी इचारा."

कोल्हापूरला तळ्याकाठचं शहर म्हणतात ते रंकाळ्यामुळं. रंकाळ्याला सगळं आहे. चौपाटी आहे, संध्यामठ आहे, काठावर शालिनी पॅलेस आहे, सूर्यास्त आहे, आणि सूर्यास्ताकडं पाठ करून भेळ खाणारे लोक आहेत. मधूनमधून जलपर्णी येते. मग पेपरात जलपर्णीचा फोटो येतो, मग जलपर्णी काढणाऱ्यांचा फोटो येतो, मग पुन्हा जलपर्णी येते. आमच्या वाट्याला कळंबा. कात्यायनीच्या डोंगराकडनं येणाऱ्या ओढ्यांवर भरणारा आणि संस्थानच्या काळात कोल्हापूरची तहान भागवायला बांधलेला तलाव. म्हणजे काठ आमच्याकडं, डास आमच्याकडं आणि पाणी शहराकडं, ही वाटणी फार जुनी आहे. पावसाळ्यात सांडव्यावरनं पाणी पडायला लागलं की शहर सहकुटुंब बघायला येतं. मक्याची कणसं भाजून घेतं, भिजतं, फोटो काढतं, आणि संपलेली कणसं आमच्या गटारीत सोडून "इकडं किती छान हवा आहे नाही" असं म्हणत परत जातं.

या हवेचे पैसे आम्ही मोजलेत. भोवतालच्या निम्म्या इमारतींच्या नावात 'लेक' आहे, उरलेल्या निम्म्यांच्या नावात 'व्ह्यू'. आमच्या समोरच्या इमारतीच्या नावात दोन्ही आहेत. तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकांनी फ्लॅट घेताना बिल्डरला विचारलं होतं, तलाव कुठनं दिसतो? बिल्डर त्यांना गच्चीवर घेऊन गेला. तिथनं पाण्याच्या टाकीवर चढवलं. मग म्हणाला, "आता उजवा पाय त्या पायपावर ठेवा, टाचा उचला. हां. त्या नारळाच्या डाव्या अंगाला चकाकतंय बघा." चकाकत होतं ते कुणाच्या तरी गोठ्याच्या पत्र्याचं छप्पर होतं, हे काकांना पावसाळ्यात कळलं, छप्पर उडून गेलं तेव्हा.

परगावी मात्र आमच्या पत्त्यातला तलाव कुणाच्या ध्यानात येत नाही. कळंबा म्हटलं की जेल. कळंबा मध्यवर्ती कारागृह एवढं नामांकित आहे की कोल्हापुरात 'तो सध्या कळंब्याला असतो' या वाक्याला दुसरा अर्थच उरलेला नाही. पुण्यात एका लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी मला सहज विचारलं, "कुठं असता?"

"कळंब्याजवळ," मी म्हणालो. बँडच्या आवाजात 'जवळ' वाहून गेलं असावं.

त्यांनी खुर्ची जरा पलीकडं सरकवली. मग माणुसकी म्हणून विचारलं, "बरीच वर्षं झाली?"

"हो. आता सवय झाली. मोकळी हवा आहे, शांत आहे."

"आणि लग्नाबिग्नाला सोडतात?"

अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू काही काळ याच कारागृहातले बंदी वळत होते. देवीनं आमच्या भागाला केव्हाच हद्दीत घेतलंय. बाकीच्यांचं काय ते बाकीच्यांनी बघावं.

आम्ही कोल्हापूरचे की नाही, हा प्रश्न आम्हाला स्वतःला कधीच पडत नाही. तो कागद बघून ठरतो. मुलाच्या लग्नाच्या बायोडाट्यात 'कोल्हापूर शहर, स्वतःचा बंगला' असतं. घरफाळ्याचं बिल आलं की आम्ही खेडूत. चौकात कुणी सांगलीवाला मिसळीबद्दल वाकडं बोलला की आमच्यातला कोल्हापूरकर बाह्या सरसावून उठतो; शहरातल्या दरानं पाणीपट्टी भरायची का, असं कुणी विचारलं की तोच माणूस हात जोडून म्हणतो, "आम्ही गरीब शेतकरी माणसं." यातल्या एकाही माणसाला नांगर कुठल्या बाजूनं धरतात ते माहीत नाही. आमच्या गल्लीत दोन प्राध्यापक, एक विमा एजंट, एक निवृत्त फौजदार आणि एक होमिओपॅथिक डॉक्टर असे पाच शेतकरी आहेत. त्यातल्या डॉक्टरांनी कुंडीत कढीपत्ता लावलाय, तेवढंच काय ते लागवडीखालचं क्षेत्र.

हद्दवाढ हा आमच्याकडचा सार्वजनिक उत्सव आहे. गणपती वर्षातनं एकदा येतो, हद्दवाढ केव्हाही. शहरात 'हद्दवाढ झालीच पाहिजे' म्हणून धरणं धरलं की दुसऱ्या दिवशी इकडच्या गावांत 'हद्दवाढ होऊ देणार नाही' म्हणून बंद. प्रस्ताव मुंबईला जातो, त्रुटी काढून परत येतो, गावं कमी करून पुन्हा जातो, गावं वाढवून पुन्हा येतो. 2017 साली सरकारनं हद्दवाढही नाही आणि नकारही नाही असा तोडगा काढला आणि आसपासच्या 42 गावांसाठी एक प्राधिकरण दिलं. त्यामुळं बांधकामाच्या परवान्यासाठी कुठं जायचं नाही, याची यादी एकानं वाढली. रंकाळ्याकाठच्या नंदीची एक जुनी गोष्ट इथं सांगतात. तो म्हणे गव्हाएवढा पुढं सरकतो नि तांदळाएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी तळ्याला पोचेल त्या दिवशी जगबुडी. हद्दवाढीची फाइल तशीच चालते. फरक एवढाच की नंदी हिशेबानं थोडाथोडा का होईना, पुढं चाललाय.

गेल्या खेपेला हवा तापली तेव्हा कॉलनीची सभा बोलावली गेली. विषय एकच : आपण कुठल्या बाजूचे? सभा बँकवाल्या काकांच्या पार्किंगमध्ये. चहा फौजदारांकडून, खुर्च्या मंडळाच्या. पहिला अर्धा तास चहात साखर जास्त आहे की फौजदारांना हल्ली गोड चालत नाही म्हणून ती इकडं आली आहे, यात गेला. मग सेक्रेटरी उभे राहिले. ते आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेत, त्यामुळं त्यांचं बोलणं टिपणीच्या भाषेत असतं.

"शहरात गेलो तर फायदे," ते म्हणाले. "पाणी येईल, गटार येईल, बस वाढेल."

"घरफाळा वाढंल," मागनं आवाज आला.

"गावात राहिलो तर फायदे. घरफाळा कमी."

"पाणी येनार न्हाई," तोच आवाज.

"तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे हो?"

"मी पलीकडच्या लाइनीतला. खुर्च्या न्यायला आलोय."

शेवटी ठराव एकमतानं झाला. सेक्रेटरींनी दोन निवेदनं तयार करायची. एक 'आमच्या भागाचा शहरात तातडीनं समावेश करावा', दुसरं 'आमच्या भागाचा शहरात समावेश करण्यास तीव्र विरोध'. दोन्हींवर सगळ्यांच्या सह्या आधीच घेऊन ठेवायच्या, आणि वारं बघून जे लागेल ते काढायचं. सह्या झाल्या. फौजदारांनी विरोधाच्या निवेदनावर सही करताना बजावलं, "मी फक्त चहाचा यजमान म्हणून सही करतोय." दोन्ही निवेदनं आजही सेक्रेटरींच्या कपाटात एकाच फायलीत, एकाच टाचणीनं टाचलेली आहेत. परवा त्यांची बायको म्हणाली, "अहो, चुकून दोन्ही एकदम गेली तर?" ते म्हणाले, "तर मग उत्तर लवकर येईल."

तोवर आम्ही हद्दीवर राहण्याची कला आत्मसात केली आहे. कचऱ्याची गाडी रोज सकाळी गाणं लावून येते, रंग बदललेल्या डांबरापर्यंत येते, सुबक वळण घेते आणि परत जाते. ड्रायव्हर दादा भला माणूस आहे. तो आमच्याकडं बघून हात करतो. आमच्या बायका हातात बादल्या घेऊन पलीकडं, म्हणजे शहरात जातात, कचरा टाकतात आणि परत गावात येतात. दिवसातनं एकदा तरी स्थलांतर. डासांच्या धुराचं यंत्र त्याच ठिकाणापर्यंत येतं. शहराच्या बाजूला धूर झाला की तिकडचे डास जीव घेऊन आमच्याकडं येतात, आणि आल्या दिवसापासून रहिवासी होतात. त्यांना दाखला मागत नाहीत.

गटारीचं मात्र कुणालाच कोडं सुटलेलं नाही. ती दोन गावांच्या शिवेवरनं वाहते. एका कार्यालयात गेलं की साहेब नकाशा काढतात आणि गटारीच्या मधोमध पेन्सिल ठेवून म्हणतात, "डावा काठ आमचा. पाणी पलीकडच्यांचं." दुसरीकडं गेलं की तिथले साहेब त्याच नकाशाची झेरॉक्स उलटी धरतात. होमिओपॅथिक डॉक्टर म्हणतात थोड्या मात्रेत रोज वास घेतला तर प्रतिकारशक्ती येते. त्यांचं घर वाऱ्याच्या वरच्या बाजूला आहे.

आता पाणी. काळम्मावाडीच्या धरणातनं शहराला थेट पाइपलाइननं पाणी आणायची मागणी इतकी जुनी की तिच्यासाठी आंदोलन केलेल्या माणसांची नातवंडं पुढं तिच्या विलंबाविरुद्ध आंदोलनाला बसली. पन्नासहून अधिक किलोमीटरची ती पाइप, शेतांतनं, ओढ्यांतनं, गावांच्या कडेकडेनं आली आणि 2023 च्या दिवाळीत शहरात पाणी पोचलं. कोल्हापुरात त्या वर्षी अभ्यंगस्नानाला उटण्यापेक्षा पाण्याचं कौतुक जास्त होतं. आमचे शुक्रवार पेठेतले मेहुणे फोन करून म्हणाले, "दाजी, काळम्मावाडीच्या पाण्यानं अंघोळ केली! अंग कसं हलकं झालंय." मी त्या वेळी टँकरच्या मागं बादली घेऊन उभा होतो. अंग माझंही हलकं होतं, पण कारण वेगळं.

टँकर हा आमच्या कॉलनीचा खरा संघटक. सभेला कोरम होत नाही, टँकरला होतो. मोबाइलवरच्या ग्रुपवर एरवी सकाळी गुलाबाची फुलं आणि रात्री हृदयविकारावरचे घरगुती उपाय येत असतात. 'टँकर वळणावर' एवढे दोन शब्द आले की फुलंही बंद होतात आणि हृदयविकारही. प्राध्यापक पायजम्यावर, विमावाले टॉवेलवर, आणि फौजदार नळीचं तोंड धरून शिट्टी न वाजवता वाहतूक नियंत्रण करताना. एवढ्या गर्दीतही शिष्टाचार पाळला जातो. आधी आजारी माणसाचं घर, मग लहान मूल असलेलं घर, मग बाकीचे. गेल्या उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न ऐकताच विमावाल्यांच्या सासूबाईंना ठराविक वेळेला चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की टँकर लागोपाठ तीन दिवस आला तर त्या पूर्ण बऱ्या होतील.

या सगळ्या गोंधळाच्या मध्यभागी आबा शांत बसलेले असतात. आमची कॉलनी ज्या जमिनीवर उभी आहे ती एके काळी आबांची होती. उसाचा फड होता, कोपऱ्यात गुऱ्हाळ होतं. आता आबांकडं उरलंय ते कॉलनीच्या तोंडाशी असलेलं कौलारू घर, गोठा आणि त्यात दोन म्हशी. आबा आम्हाला नावानं ओळखत नाहीत. पिकानं ओळखतात. "तुम्ही भुईमुगात ऱ्हायता न्हवं?" मी भुईमुगात राहतो. बँकवाले काका आडसाली उसात. फौजदार विहिरीत, कारण त्यांच्या बंगल्याखाली बुजवलेली विहीर आहे. त्यांच्या दिवाणखान्याची फरशी दर पावसाळ्यात बसते, तेव्हा ते आबांना बोलावतात, आणि आबा त्या खचलेल्या चौकोनाकडं कौतुकानं बघत म्हणतात, "जित्ता झरा हाय. अडवून ऱ्हायाचा न्हाई."

आबांचं दूध आम्ही सगळे घेतो. कोल्हापूरचा माणूस दुधाच्या बाबतीत चोखंदळ. शहरात रात्री कट्ट्यावर म्हशी आणून समोर धार काढून दूध पाजतात, हे आम्ही पाहुण्यांना अभिमानानं नेऊन दाखवतो. पाहुणे म्हणतात, तुमच्या कॉलनीत तर म्हशी दारातच आहेत की. मग आम्ही म्हणतो, हो, पण त्यांचा वास येतो. आबांच्या म्हशींविरुद्ध आमच्याच कॉलनीतनं एक तक्रार अर्ज गेला होता. अर्जदारानं तो लिहिताना घेतलेला चहा आबांच्याच दुधाचा होता, हे आबांना माहीत आहे. ते काही बोलले नाहीत. फक्त त्या घरी दुसऱ्या दिवसापासून दूध शेवटी पोचायला लागलं, आणि जरा पातळ पोचायला लागलं. आठवड्यात अर्ज मागं.

पाडव्याला मात्र आबांचा थाट बघावा. कोल्हापुरात दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, मोरपिसं लावलेली, गळ्यात घुंगरं, पाठीवर केस कातरून काढलेली नक्षी. आबांचा नातू मोटारसायकलचा सायलेन्सर काढतो आणि गाडी फाडफाड वाजवत पुढं पळवतो. त्या आवाजावर आबांची म्हैस शेपूट उंच करून गाडीच्या मागं सुसाट सुटते. इतर वेळी ध्वनिप्रदूषणाबद्दल ग्रुपवर लेख पाठवणारे आमचे प्राध्यापक त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहून "हाणऽ, सोड आणखी!" म्हणून ओरडत असतात. म्हशीच्या पाठीवर यंदा नक्षीत काय काढलंय, हे बघायला मी मुद्दाम जवळ गेलो होतो. एका अंगाला 'आबांची लाडकी', दुसऱ्या अंगाला 'हद्दवाढ रद्द'.

आमच्या पिढीचा शहराशी धागा तुटलेला नाही, याचं कारण तालीम. इथं राहणारा कुणीही मूळचा इथला नाही. कुणी मंगळवार पेठेतला, कुणी शिवाजी पेठेतला, कुणी कसबा बावड्याचा. जागा पुरेना म्हणून आले, वाटण्या झाल्या म्हणून आले, सुनेला मोकळी हवा हवी होती म्हणून आले. फुटबॉलचा हंगाम आला की मुक्काम इथं आणि मन पेठेत. घराघरावर वेगवेगळ्या तालमींचे झेंडे लागतात. विमावाले आणि त्यांचे भाडेकरू एरवी एका ताटात जेवतात, पण शाहू स्टेडियमवर दोघांच्या पेठांचा सामना असला की त्या आठवड्यात भाडं शेजाऱ्याच्या हातून पाठवलं जातं. आम्हीही कॉलनीचा स्वतःचा संघ काढायचा प्रयत्न केला होता. अकरा खेळाडू मिळाले, पण अकराही जण आपापल्या पेठेकडून राखीव. मग कॅरम स्पर्धा घेतली.

गणपतीतही तेच. कॉलनीचा गणपती दुपारी चारलाच विसर्जित होतो, झांजा, दोन आरत्या, खिरापत आणि काहिलीत सोडणं. भक्ती कमी म्हणून नव्हे. पाचला निघालं की महाद्वार रोडवर मिरवणूक बघायला उभं राहायला जागा मिळते. मग आम्ही सगळे तिथं रात्रभर पाय दुखेपर्यंत उभे राहतो आणि पहाटे रिक्षावाल्याला घर सांगतो. रिक्षावाला म्हणतो, "हद्दीभाईर? दीडपट होतील." आम्ही दुखावले जाऊन म्हणतो, "भावा, आम्ही कोल्हापूरचेच हाय." तो म्हणतो, "व्हय की. म्हणूनच दीडपट. परगावच्याला दुप्पट सांगतो."

2025 च्या ऑगस्टपासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि आमच्याकडच्या एजंटांच्या भाषेत फरक पडला. आधी फ्लॅट 'तलावापासून दोन मिनिटं' असायचे. आता 'बेंचपासून दहा मिनिटं'. रात्री दोन वाजता, सगळे सिग्नल मिटलेले असताना आणि पाठीमागं आबांची म्हैस लागलेली असेल तर दहा मिनिटांत जाता येईल, नाही असं नाही.

शहरानं आम्हाला आपणहून मान दिल्याचे प्रसंग थोडे, आणि त्यासाठी पंचगंगेला पात्र सोडावं लागतं. 2019 चा आणि 2021 चा पूर ज्यांनी अंगावर घेतला त्यांच्या नुकसानीवर विनोद करायची माझी हिंमत नाही. पण पाहुण्यांबद्दल बोलायला हरकत नसावी. कोल्हापुरात जुलै उजाडला की लहानथोर सगळे फुटांत बोलायला लागतात. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे इथं पाढ्यांच्या आधी पाठ होतं. "काय, कसं काय?" असं विचारलं की समोरचा तब्येत सांगत नाही. "एक्केचाळीस फूट तीन इंच" असं सांगतो.

आमची कॉलनी चढावर आहे. एरवी या चढाला शहरातले नातेवाईक नावं ठेवतात. नागाळा पार्कातले मामा-मामी तर आमच्या वास्तुशांतीलाही आले नव्हते. "एवढ्या लांब कोण येणार" असा निरोप आला होता. त्यातल्या एका पुरात पाणी वाढत वाढत पन्नास फुटांवर गेलं आणि मामांना ते अंतर अचानक सोयीचं वाटलं. ते, मामी, दोन सुटकेस, लॅब्राडोर कुत्रा आणि देवांचा डबा असे रात्री आमच्या दारात उभे.

"एवढं जवळ आहे की हे!" मामा म्हणाले.

चार दिवस राहिले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, त्यामुळं भाजी नाही, पेट्रोलला रांगा. शहराला पाणी देणारी उपसा केंद्रंच पुरात बुडालेली, त्यामुळं सगळीकडं पाणीच पाणी आणि नळ कोरडे. शहर त्या आठवड्यात आमच्यासारखं जगायला शिकत होतं. आमच्याकडं मात्र बोअर होतं, आबांचं दूध होतं, आणि टँकरच्या मागं कसं पळायचं याचा वर्षानुवर्षांचा अनुभव. फौजदारांनी मामांना अर्ध्या तासात तयार केलं. तिसऱ्या दिवशी मामा बर्म्युडावर, डाव्या हातात बादली, उजव्या हातात नळी, आणि तोंडानं "आधी लहान मुलंवाले, मग बाकीचे!" असं दरडावत होते. कुत्र्याची आबांच्या म्हशींशी ओळख झाली. मामी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, टाकीवर, पाइपवर उजवा पाय ठेवून कळंबा तलाव बघून आल्या आणि म्हणाल्या, "काय देखणं आहे हो!" पत्र्याचं छप्पर तोवर नवीन बसवलं होतं. आम्ही काही बोललो नाही.

शेवटच्या संध्याकाळी सगळे आबांच्या अंगणात बसलो होतो. मामा गंभीर झाले. "खरं सांगू आबा? माणसानं इकडंच राहायला यावं. हवा, माणुसकी, उंचावरची जागा. आमचं काय आहे तिकडं? दर पावसाला जीव मुठीत." मामींनी मान हलवली. आम्हाला भरून आलं. आबांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि गोठ्यामागच्या मोकळ्या तुकड्याकडं बोट केलं. "ह्यो एवढा ऱ्हायलाय. गवार हुती हितं. चार गुंठं."

"काय भाव आहे?" मामांनी विचारलं.

आबांनी सांगितला.

मामा थोडा वेळ त्या गवारीकडं बघत राहिले. मग त्यांनी खिशातनं मोबाइल काढला, चष्मा वर केला आणि मामींना म्हणाले, "अगं, राजाराम बंधारा सत्तेचाळीसवर आला बघ. उतरतंय पाणी. आवरायला घे."